सांबराच्या शिकारीची संमती

परक्याच्या जमिनीत शिकार करावयाची असेल तर प्रथम त्या जमिनीच्या धन्याची संमती मिळवावी, हा जो दंडक अमेरिकेतील अनेक राज्यांत एल्कच्या शिकाऱ्यांना आजही पाळावा लागतो, त्याची आपल्याकडील कुळकथा चेन्नईच्या सेंट जॉर्ज किल्ल्यापासून सांगावयास हवी. कारण मद्रास इलाख्याचा कारभार येथून चाले, आणि दक्षिणेतील इंग्रज मळेवाले ज्याला ‘एल्क’ म्हणत ते जनावर म्हणजे आपल्या सह्याद्रीतही वावरणारे सांबर होय.

एकोणिसाव्या शतकात नीलगिरीवर कॉफीचे आणि चहाचे मळे पसरले व त्यांच्याबरोबर बंदुकाही आल्या. पायथ्याचे मुदुमलईचे अरण्य निलंबूरच्या तिरुमुलपाद घराण्याच्या मालकीचे असल्यामुळे खुद्द सरकारलाही ते भाडेपट्ट्याने घ्यावे लागले. परंतु अरण्याचा धनी ठाऊक असला, तरी त्यातील जनावरांचा वाली कोण, हा प्रश्न अनुत्तरितच होता. बेसुमार हत्येने जनावरे विरळ होऊ लागली, तेव्हा १८७७ साली तेथील शिकाऱ्यांनीच आपली संस्था स्थापिली आणि १८७९ साली मद्रास सरकारने नीलगिरीपुरता संरक्षणाचा कायदा केला. त्याचा कणा होता शिकारीचा वर्ज्य काळ. १९१२ चा सर्व ब्रिटिश हिंदुस्थानासाठी झालेला कायदाही मुख्यतः त्याच वाटेने गेला.

शेत कसणाऱ्याच्या शब्दाला मोल यावयास मात्र फार काळ जावा लागला. इंग्लंडात १८८० च्या कायद्याने कुळाला आपल्या शेतातील ससे मारण्याची मुभा मिळाली. हरणे तिच्या बाहेरच राहिली. आपल्याकडे १९४८ साली मद्रास प्रांताने जमीनदारी रद्द करण्याचा कायदा केला, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सतराव्या कलमात अखेर स्पष्ट अक्षरांत लिहिले गेले की, सरकारी नसलेल्या जमिनीवर मालक, त्याचा मुखत्यार किंवा कायदेशीर वहिवाटदार यांच्या संमतीवाचून कोणीही शिकार करू नये. मालकाच्या पंक्तीला वहिवाटदार बसला, ही माझ्या मते या साऱ्या इतिहासातील अत्यंत न्याय्य घटना होय; कारण बंदूकधाऱ्यांच्या पायांखाली तुडवले जाते ते कसणाऱ्याचे पीक.

परंतु हे कलम अल्पायुषी ठरले. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच संपुष्टात आले आणि त्यांच्याबरोबर तेही गेले. शिकारीकडून संरक्षणाकडे झालेला हा प्रवास चेन्नईतच पाहा: १८२१ साली सरकारने पस्तीस हजार रुपयांना घेतलेली गिंडीची जागा पुढे गव्हर्नरांचे उपवन झाली, आणि तिच्यातील हरणे-काळवीट बाळगणारा भाग १९७८ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. सांबरालाही २०२२ च्या दुरुस्तीने त्या कायद्याच्या, सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या, पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. आता पीक खाल्ले म्हणून सांबर मारण्याचा हुकूम मुख्य वन्यजीव रक्षकालाही देता येत नाही. ज्याच्या संमतीसाठी शिकाऱ्याने दारात उभे राहावयाचे, तो शेतकरीच आज भरपाईचा अर्ज घेऊन सरकारच्या दारात उभा आहे.

हे परिवर्तन मला योग्यच वाटते. सांबर हे कोणा एकाच्या सातबाऱ्यावर चढविण्याजोगे धन नव्हे. पण शेतकऱ्याची संमती अनावश्यक ठरविणाऱ्या सरकारवर त्याच्या नुकसानीचा पंचनामा तत्परतेने करून पुरती भरपाई देण्याचे ऋण येते, आणि ते फेडल्यावाचून या संरक्षणाला पूर्ण न्याय म्हणता येणार नाही.