टप्प्यांची मोजणी: नाणेघाटापासून अवसरीपर्यंत

दोन-दोन, पाच-पाच किंवा दहा-दहा असे समान टप्पे घेत मोजत जाणे म्हणजे गुणाकाराची सुरुवात. हीच मोजणी लयीत बसवून पाठ केली की तिचा पाढा होतो. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत अशा मोजणीच्या खुणा दोन हजार वर्षांमागे जातात.

जुन्नरजवळच्या नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. तो सामान्यतः इ.स.पू. पहिल्या शतकातला मानतात. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण नाण्यांच्या संख्या त्यात अंकांनी कोरल्या आहेत. भारतातील सर्वांत जुन्या अंकलेखनांत त्याची गणना होते. या पद्धतीत शून्य नव्हते आणि अंकाला स्थानावरून किंमतही मिळत नव्हती. शंभराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडले की चारशे आणि हजाराच्या चिन्हाला जोडले की चार हजार. म्हणजे मोठी संख्या शंभराच्या आणि हजाराच्या टप्प्यांनी मोजूनच लिहिली जाई.

व्यवहारातील टप्पे मात्र दहाचे नव्हते. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’च्या आरंभीच्या कोष्टकात वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा निष्क आहे. चार आणि सोळा यांचे हे नाते पुढेही टिकले. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. शेराचे चार पावशेर, सोळा छटाक.

अशा हिशोबाला पूर्णांकांचे पाढे पुरत नाहीत. म्हणून पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढेही घोकून घेत. औटकी हा साडेतीनचा पाढा: साडेतीन, सात, साडेदहा, चौदा. मुले धूळपाटीवर अंक गिरवत, मोठी मुले लहानांकडून पाढे म्हणवून घेत आणि दिवेलागणीला घरी परवचा, म्हणजे पाढ्यांची उजळणी, होई. पुढे छापील अंकलिपीने हेच पाढे घरोघरी नेले.

त्यांचा उपयोग थेट बाजारात होता. चाळीस शेरांचा मण जितक्या रुपयांना, तितक्या आण्यांना अडीच शेर, हा त्या काळचा हिशोबाचा नियम. चाळिसाला सोळाने भागले की अडीच येतात, हे त्याचे कारण. मण बारा रुपये असेल तर अडीच शेर बारा आण्यांना, पाच शेर चोवीस आण्यांना, म्हणजे दीड रुपयाला. अडीचकी पाठ असलेल्या माणसाला कागद लागत नसे.

पाठांतराने वेग आला. पण पाढ्यांत आकृतिबंधही आहेत. दोनच्या पाढ्यात एककस्थानी 2, 4, 6, 8, 0 हेच अंक फिरत राहतात, पाचच्या पाढ्यात 5 आणि 0. सातच्या पाढ्यात एककस्थानी 7, 4, 1, 8, 5, 2, 9, 6, 3, 0 असे दहाही अंक येतात. तीनच्या पाढ्यात शून्यापूर्वीचे हेच अंक उलट क्रमाने दिसतात, कारण तीन आणि सात यांची बेरीज दहा. चार-सहा आणि दोन-आठ या जोड्यांतही तसेच घडते. नऊच्या पाढ्यात 9 पासून 90 पर्यंत दशक एकाने वाढतो, एकक एकाने घटतो आणि अंकांची बेरीज नऊच राहते. शंभरापर्यंतच्या तक्त्यात पाचच्या पटींचे दोन उभे स्तंभ होतात, तर 9 ते 81 या नऊच्या पटी एका तिरक्या ओळीत येतात.

1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि पाठोपाठ वजनमापेही दशमान झाली. पावकी-औटकीची गरज ओसरली आणि शाळेतून त्या मागे पडल्या. शेतीच्या हिशोबात मात्र त्यांचे टप्पे टिकून आहेत. चाळीस गुंठ्यांचा एकर असल्याने पाव एकर दहा गुंठे, अर्धा वीस, पाऊण तीस, सवा पन्नास, दीड साठ. याउलट, आंबेगाव तालुक्यातील अवसरी खुर्द गावाजवळच्या मंचर बाजारात कांद्याचा भाव दहा किलोला सांगतात, तर कोथिंबिरीच्या जुड्यांचा शेकड्याला. तिथे दहाच्या आणि शंभराच्या टप्प्यांनीच हिशोब होतो.

अवसरी खुर्दमध्ये 2009 पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या गणिताचा पायाही गावच्या प्राथमिक शाळेतील मोजणीवरच उभा राहतो. पाढे पाठ असावेतच. पण ते म्हणताना मुलांना एककस्थानचे अंक लिहायला लावावेत, तक्त्यावर पटी रंगवायला द्याव्यात आणि घरच्या शेताचे गुंठे मोजायला सांगावेत. पाठांतराला समजेची जोड मिळाली, तरच हा वारसा पुढच्या पिढीच्या उपयोगी पडेल.