एका डॉलरात दोन पक्षी

अमेरिकेतल्या मराठी घरात मूल झालं की वर्षाच्या आत कुणीतरी विचारतंच, "५२९ उघडलंस का?" मूल कॉलेजात गेल्यावर त्यातून नेमके किती पैसे काढायचे, हे मात्र कुणी विचारत नाही. खरा पैसा तिथे सुटतो किंवा बुडतो. त्यासाठी थोडा इतिहास.

५२९ ची कल्पना मुळात राज्यांची. १९८६ साली मिशिगनने एक ट्रस्ट काढला: आज पैसे भरा, उद्याची फी भरली असं समजा. केंद्राच्या करखात्याने ट्रस्टच्या उत्पन्नावर कर मागितला. भांडण कोर्टात गेलं आणि १९९४ मध्ये अपिलात मिशिगन जिंकलं. १९९६ मध्ये काँग्रेसने करकायद्यात यासाठी कलमच घातलं, नंबर ५२९. तरी पैसे काढताना नफ्यावर कर होताच.

१९९७ मध्ये क्लिंटन सरकारने दुसरी वाट काढली: फीसाठी टॅक्स क्रेडिट, म्हणजे भरायच्या करातूनच थेट सूट. त्याच कायद्यात एक करमुक्त शिक्षण खातंही होतं, पण अट कडक. त्यातून करमुक्त पैसे काढले, की त्या वर्षी त्या मुलासाठी क्रेडिट विसरा.

मग २००१ चा बुश यांचा करकपातीचा कायदा आला. २००२ पासून ५२९ मधून शिक्षणासाठी काढलेले पैसेही करमुक्त झाले. आता आली का पंचाईत! एकाच फीवर दोन सवलती? काँग्रेसने मधला मार्ग काढला: एकाच वर्षी दोन्ही घ्या, पण एकाच डॉलरवर नाही. मी डेटाबेसवाला माणूस, मला हे लगेच पटतं. एकच नोंद दोनदा मोजायची नाही, बस्स.

२००९ मध्ये क्रेडिट वाढून वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत गेलं (पहिले २,००० पूर्ण, पुढच्या २,००० चे २५ टक्के) आणि २०१५ मध्ये कायम झालं. म्हणजे पूर्ण क्रेडिटला ४,००० डॉलरची फी किंवा पुस्तकं लागतात. राहण्या-जेवणाचा खर्च क्रेडिटला चालत नाही, ५२९ ला चालतो.

आता हिशोब बघा. फी १२,०००, राहणं-जेवण १०,०००. ५२९ मधून १८,००० काढा, फीचे ४,००० पगारातून भरा. क्रेडिट पूर्ण मिळतं. समजा पूर्ण २२,००० काढले आणि खात्यात निम्मा नफा आहे. तरी ४,००० क्रेडिटसाठी राखता येतात. मग फक्त त्यातल्या २,००० नफ्यावर कर लागतो. एरवीचा १० टक्के दंड इथे माफ असतो.

क्रेडिट एका मुलासाठी चार वर्षं मिळतं, म्हणजे एकूण १०,००० डॉलर. पण नवरा-बायकोचं एकत्र उत्पन्न १,६०,००० च्या वर गेलं की ते घटायला लागतं आणि १,८०,००० ला संपतं. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये असाल तर बहुतेक हा प्रश्नच उरत नाही, सगळं ५२९ मधूनच काढा. पण एकाच पगारावर घर चालत असेल, तर पहिल्या सेमिस्टरचं बिल यायच्या आधीच ते ४,००० वेगळे ठेवा.