तेरचं कापड कल्याण सोडून भडोचला का गेलं?

मंडळी, तेर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गोरोबाकाका येतात. यायलाच पाहिजेत. पण काकांच्या जन्माआधी हजार-बाराशे वर्षं या गावाचं नाव इजिप्तच्या बंदरांतल्या व्यापाऱ्यांना माहीत होतं. तेव्हा ते तगर होतं, आणि ओळख होती कापडामुळे.

हे नुसतं छाती फुगवायला लिहीत नाहीये. सुरत ते चेन्नई अशा नव्या महामार्गाची चर्चा आपण गेली काही वर्षं ऐकतोय. नाशिक, अहिल्यानगर, सोलापूर अशी आखणी, मोजणी, मोबदल्यावरून शेतकऱ्यांची आंदोलनं, सगळं झालं. पश्चिमेचा समुद्र पूर्वेच्या समुद्राला जोडणारा रस्ता आपल्या मुलखातून जाणार म्हटलं की लोकांना वाटतं, असं पहिल्यांदाच घडतंय. अहो, हे दोन हजार वर्षांपूर्वी घडून गेलंय! तेव्हा आपल्या गावांना काय मिळालं आणि कशामुळे मिळालं, याचे पुरावे दगडात कोरलेले आहेत. म्हणून हा लांबलचक प्रपंच. वेळ काढून वाचा.

आधी रस्ता समजून घेऊ.

पश्चिमेला भडोच, सोपारा, कल्याण ही बंदरं. पूर्वेला कृष्णा-गोदावरीच्या मुखाकडचा मछलीपट्टणचा भाग. नकाशावर सोपाऱ्यापासून मछलीपट्टणपर्यंत सरळ रेघ ओढली तरी ९०० किलोमीटरच्या वर भरते. कोकणातून वर यायचं तर मध्ये सह्याद्री उभा. तिथे नाणेघाट. घाटात पाण्याची टाकी खोदलेली, माथ्यावर लेणं, लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख. यज्ञात किती गायी, किती घोडे, किती नाणी दान दिली याचे आकडे त्यात आहेत आणि आपल्याकडच्या अंकलेखनाच्या सगळ्यात जुन्या नमुन्यांत ते मोजले जातात. जवळच तो प्रसिद्ध दगडी रांजण. जकातीची नाणी त्यात टाकायचे, असं लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत.

घाट चढला की जुन्नर. पुढे पैठण. पैठणहून तेर. तेरहून पूर्वेला आजच्या तेलंगणातलं संगारेड्डीजवळचं कोंडापूर, मग कृष्णेच्या खोऱ्यात उतरून अमरावती-धरणीकोट आणि शेवटी समुद्र. दुसरी वाट गोदावरीच्या अंगाने खाली जायची. तिथे करीमनगरच्या बाजूला नदीकाठच्या कोटिलिंगाल गावात अगदी सुरुवातीच्या सातवाहन राजांची नाणी सापडली आहेत.

आता कुणी म्हणेल, गोदावरी असताना नावेने का नाही गेले? आपल्या नद्या आपल्याला माहीत आहेत. पावसाळ्यात अंगावर येतात, उन्हाळ्यात गुडघाभर. वरच्या भागात नाव लागायची ती मुख्यतः पैलतीराला जायला. पण नदी वाट दाखवते. बैलांना पाणी देते, चारा देते, चढ-उतार सांभाळून घेते. नदीचा खरा जलमार्ग सुरू व्हायचा तो खाली, पूर्वेच्या सपाटीवर. कृष्णेच्या काठी धरणीकोटला उत्खननात धक्का आणि नावा आत आणायचा कालवा सापडलाय. म्हणजे वर गाडी आणि बैल, खाली नाव, असा हा जोडमार्ग होता.

समुद्रातून दक्षिणेला वळसा घालून जाता येत नव्हतं का? येत होतं, पण मोसमी वाऱ्यांची वाट बघावी लागायची आणि रामसेतूजवळचा उथळ समुद्र मोठ्या जहाजांना अडचणीचा होता. शिवाय जो माल परदेशाला हवा होता, तो आतल्या मुलखातच तयार व्हायचा. कापूस इथला, विणकर इथले. जहाजांना किनाऱ्यावर थांबावंच लागे आणि माल आतून त्यांच्याकडे जाई.

आता मूळ मुद्दा.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक माणसाने व्यापाऱ्यांसाठी एक माहितीपुस्तक लिहिलं. त्याला ‘पेरिप्लस’ म्हणतात. स्वतःचं नाव लिहायची तसदी त्याने घेतली नाही, पण कुठल्या बंदरात काय मिळतं, काय खपतं, हे पक्कं लिहिलं. त्यात तो सांगतो की भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आहे, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, आणि तगर हे फार मोठं शहर आहे. पैठणहून अकीक भडोचला येतो. तगरहून साधं कापड भरपूर आणि मलमलीचे नाना प्रकार येतात. हे सगळं गाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या मोठ्या मुलखातून.

आणि एक छोटी गोष्ट तो जाता जाता सांगून जातो. समुद्रकाठच्या प्रदेशांतला मालही तगरला येतो. हा समुद्रकाठ म्हणजे पूर्वेचा, असा अर्थ अभ्यासकांनी लावलाय. १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच आपलं तेर हे मांडलं, तेव्हा मछलीपट्टणकडून तेर आणि पैठणमार्गे भडोचला जाणारी वाटही त्यांनी त्यासोबत मांडली होती. दोन्ही समुद्रांचा माल ज्या गावात एकत्र येत होता, ते हे गाव.

पण इथे एक गोष्ट खटकते बघा. तेरहून समुद्र गाठायचा तर कल्याण-सोपारा जवळ. भडोच कुठल्या कुठे! तीस दिवसांचा प्रवास, तोही वाईट रस्त्याने. मग माल कल्याण सोडून भडोचला का जात होता?

उत्तर त्याच पुस्तकात, लगेच पुढे आहे. कल्याण आधी रीतसर व्यापाराचं बंदर होतं. मग सत्ता बदलली आणि बंदराची कोंडी झाली. ग्रीक जहाज चुकून कल्याणला लागलंच, तर पहारा देऊन त्याला भडोचला नेलं जायचं. भडोचकडे तेव्हा क्षत्रप नहपानाचा अंमल होता आणि इकडे सातवाहन. भांडण दोन सत्तांचं. त्यात तेरच्या विणकराचा काय दोष? पण त्याच्या मालाला लांबचा हेलपाटा पडला. बैल जास्त, दिवस जास्त, वाटेतली जकात जास्त. हा खर्च शेवटी कुणाच्या डोक्यावर बसतो, हे बाजारात माल नेणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपानाच्या १३ हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला आहे. जुन्या नोटेवर नवा शिक्का म्हणा ना! त्याची आई गौतमी बलश्री हिच्या नाशिकच्या लेखात मुलाचं वर्णन आहे की त्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं. कवीची अतिशयोक्ती सोडून द्या. पण आईला मुलाचं कौतुक करताना समुद्र आठवले, यातच सगळं आलं. त्याच्या वंशजांची दोन डोलकाठ्यांच्या जहाजाची नाणी पूर्व किनाऱ्याकडे सापडतात. पैठणला राजधानी असलेल्या घराण्याच्या नाण्यावर जहाज!

राजांचं पुरे झालं. सामान्य माणसाला काय मिळालं?

नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३००० कार्षापण कायमची ठेव म्हणून गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. १००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. २००० चं वर्षाचं व्याज होतं २४०. त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी. हिशेब तंतोतंत जुळतो. विचार करा, राजाचा जावई पैसे ठेवतोय ते विणकरांच्या संस्थेकडे. तिची पत तेवढी होती. जुन्नरच्या लेखांतही धान्य व्यापारी, बुरूड, कासार यांच्या श्रेणी आहेत. बुरूड म्हणजे टोपल्या विणणारा माणूस. त्याची संघटना दोन हजार वर्षांपूर्वी ठेवी सांभाळत होती.

त्याच उषवदाताने आणखी एक काम केलं. तापी, दमण, डहाणूच्या नदीसकट सहा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. दोन्ही काठांवर विसाव्याच्या जागा आणि पाणपोया केल्या. भडोच आणि सोपाऱ्याला मुक्कामाच्या धर्मशाळा बांधल्या. ज्यांनी कल्याणची कोंडी केली असं आपण म्हणतो, त्या बाजूचा हा माणूस. पण रस्ता म्हणजे फक्त जमिनीचा पट्टा नसतो, हे त्याला कळत होतं. वाटसरूला पाणी, निवारा आणि नदीपार जायची सोय मिळाली, तर वाट चालती राहते. आणि वाटसरू जिथे थांबतो, तिथे बाजार भरतो.

म्हणून आपल्याकडच्या मातीत काय काय सापडतं बघा. तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडल्या. त्याच घडणीची एक मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेईत सापडली, जे शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं. कोल्हापुरात ब्रह्मपुरीला १९४० च्या दशकात काशाची, ग्रीकांच्या समुद्रदेवाची मूर्ती मिळाली. पंचगंगेच्या काठी पोसायडन! तेरची मूर्ती बघायला परदेशात जावं लागत नाही. गावातल्याच लामतुरे संग्रहालयात जा. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेला ठेवा आहे तो. आपल्यातले किती जण गेलेत?

मग हे सगळं गेलं कुठे? तिसऱ्या शतकात सातवाहन संपले. रोमशी चालणारा व्यापार आटला. मोठं गिऱ्हाईक गेलं आणि मोठी शहरं आकसत गेली. नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिलं. कित्येक शतकांनंतरही कोकणातले आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला तगरपुरवराधीश्वर म्हणवून घेत होते. त्यांचं राज्य तेरला नव्हतं, पण तिथून आलो हे सांगण्यात मोठेपणा होता.

आता परत आजच्या रस्त्याकडे येतो. जुन्या रस्त्याने तेर मोठं झालं, कारण माल तिथे तयार व्हायचा, गाड्या तिथे थांबायच्या आणि कारागिरांच्या हातात स्वतःची संस्था होती. या तीन गोष्टी नसत्या तर तेवढ्याच गाड्या धूळ उडवत निघून गेल्या असत्या. नवे महामार्ग तर बंदिस्त असतात. ठरावीक ठिकाणीच चढायचं, ठरावीक ठिकाणीच उतरायचं. शेताला लागून सहापदरी रस्ता गेला तरी आपल्या ट्रॅक्टरला त्यावर जागा नाही. चेन्नईचा माल सुरतला झटकन पोचेल, पण मधल्या गावाने फक्त आवाज ऐकायचा का?

म्हणून रस्त्याच्या पुढच्या बैठकीत मोबदल्याच्या दराबरोबर आणखी तीन गोष्टी विचारा. आपल्या भागात चढ-उताराची जागा कुठे आहे? तिथे गोदाम, शीतगृह, सोयाबीन-तुरीवर प्रक्रिया करणारा कारखाना यांच्यासाठी जागा राखली आहे का? आणि ती कुणाच्या ताब्यात जाणार, बाहेरच्या कंपनीच्या की इथल्या शेतकरी कंपन्यांच्या आणि बचत गटांच्या? आखणी एकदा कागदावर पक्की झाली की हे प्रश्न विचारून उपयोग नाही. मोबदल्याचा पैसा दोन-चार वर्षांत संपतो. रस्ता पन्नास वर्षं तिथेच राहतो.

जाता जाता एक विनंती. आपल्या भागात जुन्या गाडीवाटा, रस्त्याकाठच्या बारवा, पडक्या धर्मशाळा अजून आहेत. तुमच्या शिवारात अशी काही खूण असेल तर गावाचं नाव आणि फोटो खाली टाका. मोजणीवाले येण्याआधी आपली यादी आपल्याकडे असलेली बरी.