सांद्र खनिजापासून धातूपर्यंत : ट्रॉम्बे येथील युरेनियम शुद्धीकरण आणि स्वावलंबनाचा प्रश्न (१९५५ ते १९७४)

प्रस्तावना

भारताच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः दोन टोकांकडे जाते. एका टोकाला जादूगोड्याच्या खाणी असतात, तर दुसऱ्या टोकाला अणुभट्ट्या आणि १९७४ ची पोखरण चाचणी. खनिजाचा सांद्र अंश शुद्ध करून त्यापासून धातू मिळविण्याचा जो मधला टप्पा मुंबईजवळ ट्रॉम्बे येथे पार पडला, त्याची नोंद बहुधा एका ओळीत आटोपते. प्रस्तुत लेखात या टप्प्याचा विचार केला असून, देशाच्या आण्विक स्वावलंबनाचा खरा निर्णय येथेच झाला, असे प्रतिपादन केले आहे.

जागतिक पार्श्वभूमी

१७८९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ क्लाप्रोथ यांनी युरेनियमचा शोध लावला. परंतु त्यांनी धातू म्हणून जे वेगळे केले होते ते वस्तुतः ऑक्साइड होते. शुद्ध धातू मिळण्यास १८४१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी फ्रान्समधील पेलिगो यांनी पोटॅशियमच्या साहाय्याने युरेनियम क्लोराइडचे क्षपण केले. त्यानंतर शंभर वर्षे या धातूला विशेष उपयोग नव्हता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील एम्स येथे स्पेडिंग आणि विल्हेल्म यांनी युरेनियम टेट्राफ्लोराइडपासून मोठ्या प्रमाणावर धातू तयार करण्याची पद्धत विकसित केली. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागो येथे कार्यान्वित झालेल्या पहिल्या अणुभट्टीत या धातूचाही वाटा होता.

युद्धकाळात गुप्त राहिलेली ही माहिती बऱ्याच अंशी खुली झाली ती ऑगस्ट १९५५ मधील जिनिव्हा परिषदेत. या परिषदेचे अध्यक्षपद डॉ. होमी भाभा यांच्याकडे होते. तथापि, माहिती खुली होणे आणि कौशल्य आत्मसात होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

ट्रॉम्बे येथील उभारणी

केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूवर प्रक्रिया करणारा कारखाना १९५२ मध्ये आलुवा येथे सुरू झाला. तेथील अवशिष्ट पदार्थापासून थोरियम वेगळे करण्यासाठी ऑगस्ट १९५५ मध्ये ट्रॉम्बे येथे थोरियम संयंत्र कार्यान्वित झाले. गॅसबत्तीच्या मॅंटलसाठी लागणारे थोरियम नायट्रेट येथे तयार होई. मोनाझाइटमधील युरेनियमचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी. तरीही जादूगोडा येथील खनिज प्रक्रिया कारखाना १९६८ मध्ये सुरू होईपर्यंत हा एक महत्त्वाचा देशी स्रोत होता.

ट्रॉम्बेच्या युरेनियम धातू संयंत्रात ३० जानेवारी १९५९ रोजी युरेनियम धातूचे उत्पादन झाले. १९ फेब्रुवारी १९६० रोजी सायरस अणुभट्टीसाठी दहा इंधनघटकांचा पहिला संच तयार झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील धातुविज्ञान विभागाचे प्रमुखपद भूषविलेले डॉ. ब्रह्म प्रकाश यांनी या काळात ट्रॉम्बेच्या धातुविज्ञानविषयक कार्याचे नेतृत्व केले.

प्रक्रियेचे स्वरूप

सांद्र खनिज प्रथम नायट्रिक आम्लात विरघळविले जाते. हे द्रावण रॉकेलसदृश द्रवात मिसळलेल्या ट्रायब्युटाइल फॉस्फेटच्या संपर्कात आणले असता युरेनियम त्या द्रवात उतरते आणि बहुतेक अशुद्ध द्रव्ये आम्लातच राहतात. युरेनियम पुन्हा पाण्यात घेऊन अमोनियाने त्याचा पिवळा साका मिळवितात. तो तापविल्यावर नारिंगी ऑक्साइड, हायड्रोजनच्या प्रक्रियेने तपकिरी डायऑक्साइड आणि हायड्रोजन फ्लोराइडच्या प्रक्रियेने हिरवे टेट्राफ्लोराइड तयार होते. शेवटी बंदिस्त पोलादी पात्रात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमबरोबर तापविले असता वितळलेला जड धातू तळाशी जमतो आणि मळी वर तरंगते.

या प्रक्रियेतील खरी कसोटी शुद्धतेची आहे. नैसर्गिक युरेनियममध्ये विखंडनक्षम युरेनियम-२३५ केवळ ०.७ टक्के असते. त्यामुळे न्यूट्रॉनचा अपव्यय भट्टीला परवडत नाही. बोरॉन व कॅडमियम ही मूलद्रव्ये न्यूट्रॉन शोषून घेत असल्याने बोरॉनचे प्रमाण दहा लाख भागांत एका भागाहूनही कमी राखावे लागते. नेहमीच्या धातुउद्योगात ज्याची दखलही घेतली जात नाही, अशा अंशामुळे येथे संपूर्ण धातू निरुपयोगी ठरतो.

राजकीय परिणाम

४ ऑगस्ट १९५६ रोजी क्रियाशील झालेली अप्सरा ही आशियातील पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक म्हणून गौरविली जाते. मात्र तिचे इंधन ब्रिटनमधून आले होते. १० जुलै १९६० रोजी क्रियाशील झालेल्या सायरसची स्थिती वेगळी होती. भट्टी कॅनडाच्या आणि जड पाणी अमेरिकेच्या साहाय्याने मिळाले. पण आरंभीच्या इंधनाचा निम्मा भाग ट्रॉम्बे येथे तयार झाला. जो देश इंधन पुरवितो, तोच वापरलेल्या इंधनावर अटी घालू शकतो. हा अधिकार १९६० मध्येच निम्म्याने कमी झाला होता.

१९५६ च्या भारत-कॅनडा करारात शांततामय वापराचे आश्वासन होते, आंतरराष्ट्रीय तपासणीची तरतूद नव्हती. १८ मे १९७४ च्या चाचणीसाठी सायरसमधील प्लुटोनियम वापरले गेले, तेव्हा भारताने ती शांततामय असल्याचे सांगितले. कॅनडाने हा अर्थ अमान्य करून आण्विक सहकार्य थांबविले. त्यानंतरही सायरस ३१ डिसेंबर २०१० पर्यंत चालू राहिली, याला देशी इंधनाचा आधार होता. स्वावलंबनाने स्वातंत्र्य दिले आणि त्याच्या वापराचे नैतिक उत्तरदायित्वही आपल्याच पदरी टाकले. या दोन्ही बाजूंची नोंद घेतल्याविना हा इतिहास पूर्ण होत नाही.

निष्कर्ष

१. आण्विक स्वावलंबनाचा आरंभबिंदू म्हणून ४ ऑगस्ट १९५६ पेक्षा ३० जानेवारी १९५९ या दिनांकाला अधिक महत्त्व द्यावयास हवे.

२. खनिजाची उपलब्धता ही निसर्गाची देणगी होती आणि भट्टीचा आराखडा परदेशी होता. शुद्धीकरणाचे कौशल्य मात्र येथील रसायनतज्ज्ञ, धातुतज्ज्ञ व कारागिरांनी संपादन केले. हायड्रोजन फ्लोराइडची दाहकता आणि युरेनियमच्या धुळीचा मूत्रपिंडास असलेला धोका पत्करून हे काम झाले.

३. महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात मुंबई-सोलापूरच्या कापड गिरण्यांना आणि तेथील कामगारांना योग्य स्थान मिळाले आहे. त्याच इतिहासात ट्रॉम्बेच्या या कारखान्याचा व तेथे राबलेल्या हातांचा समावेश झाला पाहिजे. त्यासाठी इतिहास आणि रसायनशास्त्र या विभागांनी एकत्रितपणे अभ्यास हाती घेणे अगत्याचे आहे.