दंडावरचे वण आणि डबीतली फिरकी

वाई तालुक्यातल्या एका गावी आमच्या एका मित्राचे वडिलोपार्जित घर आहे. मागल्या दिवाळीच्या सुट्टीत ते घर आवरायला म्हणून आम्ही चार-पाच प्राध्यापक मंडळी तिथे जमलो. आवरणे कमी आणि जुन्या वस्तू हाती घेऊन 'हे काय असावे?' असा वाद घालणे जास्त, असा तो उद्योग होता. माळ्यावरच्या लाकडी पेटीतून एकेक वस्तू ओटीवर येत होती, आणि मराठी व इतिहास या विषयांचे अध्यापन करणाऱ्या माणसांना आपल्या आजोबांच्या घरातली निम्मी भांडी ओळखता येत नाहीत, हे सिद्ध होत होते.

काही वस्तू सोप्या होत्या. पितळी मापटे कोणीही ओळखले असते. त्याच्या कडेवर पडताळणीचे शिक्के एकावर एक उमटले होते. मुंबई इलाख्यात वजनमापांचा कायदा १९३२ साली झाला. पुढे १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत स्वीकारली गेली आणि १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू होत गेल्यावर शेर, पायली, अधोली, मापटे, चिपटे ही सगळी मंडळी कायद्याच्या लेखी निवृत्त झाली. घरात मात्र ती तांदूळ मोजायला राहिली. मापट्यानंतर अडकित्ता निघाला. त्याच्या दोन्ही दांड्यांना पोपटाच्या चोचीचा आकार दिलेला होता. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांची जी अपूर्व मांडणी आहे, तिची सर्वांना आठवण झाली. कवी 'अज्ञातवासी' म्हणजे दिनकर गंगाधर केळकर यांनी राजांच्या तलवारींबरोबरच दिवे, अडकित्ते, वज्र्या, फण्या गोळा केल्या आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे नाव त्या संग्रहाला दिले. घरगुती वस्तू हाही इतिहासाचा पुरावा असतो, हे विद्यापीठांच्या आधी या गृहस्थांना उमगले होते. असो.

अडकित्ता हाती फिरू लागला आणि संभाषणाने वळण घेतले. मित्राने डाव्या हाताची तर्जनी पुढे केली. लहानपणी सुपारीऐवजी बोटच त्यात सापडले होते. मग काय, प्रत्येकाला आपापल्या जखमेची आठवण झाली. एकाच्या कपाळावर झोपाळ्याच्या कडीची खोक होती, दुसऱ्याच्या पोटरीवर पाणी तापवायच्या बंबाने दिलेला चट्टा. विळी, चुना, सायकलची साखळी, आडाची फरशी, सगळे निघाले. माझ्या गुडघ्यावरच्या खुणेची कथा मी दरवेळी थोडी वाढवून सांगतो, हे माझ्या मित्रांना ठाऊक आहे. लहानपणीच्या जखमांच्या गोष्टी सांगताना माणसे इतकी आनंदी का होतात, हे एक कोडेच आहे. बहुधा त्या गोष्टीत आपण वाचलेलो असतो, हे आधीच ठरलेले असते म्हणून.

त्याच वेळी पेटीच्या तळाशी एक पत्र्याची डबी सापडली. आत कापडात गुंडाळलेली लोखंडी दांडी होती, बोटभर लांबीची. तिच्या एका टोकाला लहान बटणाएवढी चकती, आणि चकतीच्या पृष्ठावर अणकुचीदार दाते. मधला एक दाता किंचित मोठा, भोवती चार. तर्क सुरू झाले. करंजीचे कातणे म्हणावे तर चकती आडवी बसवलेली. सोनाराचा ठसा म्हणावा तर त्यात नक्षी नाही. चामड्याला भोके पाडायचे हत्यार, गुरांना डाग देण्याची खूण, पत्रावर मारायचा शिक्का, अशी अनुमाने झाली. इतिहासाच्या प्राध्यापकांनी 'अठरावे शतक' असा निकालही देऊन टाकला.

मित्राच्या आई, आमच्या काकू, आतून चहा घेऊन आल्या. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी डबीकडे पाहिले आणि ट्रे खाली ठेवला. त्या काही बोलल्या नाहीत. पदर सारून त्यांनी उजवा दंड आमच्यापुढे धरला. दंडावर रुपयाएवढे दोन गोल वण होते, मध्ये खोलगट आणि कडेला ठिपक्याठिपक्यांचे.

"मामंजींची फिरकी आहे ती," त्या म्हणाल्या. "देवी काढायची."

देवीची लस टोचण्याचे ते साधन होते. दंडावर लशीचा थेंब ठेवायचा, त्यावर चकती टेकवायची, आणि दोन बोटांत दांडी धरून गर्रकन फिरवायची. दाते कातडीत रुतून वर्तुळाकार ओरखडा काढीत. दोन किंवा चार जागी असे करीत. भारतीय उपखंडात ही फिरकी अनेक दशके वापरात होती. १९६० च्या दशकाच्या शेवटी दुहेरी टोकाची सुई येऊ लागली, तिने लसही थोडी लागे आणि यातनाही कमी होत, तेव्हा फिरकी हळूहळू मागे पडली. काकूंच्या दंडावरील वण म्हणजे त्या अवजाराची नाममुद्राच होती. आमच्यापैकी कोणाच्याही दंडावर तसे वण नव्हते. १९८० च्या आसपास आणि नंतर जन्मलेल्यांच्या दंडावर फार तर क्षयाच्या लशीची एक छोटी खूण असते. म्हणजे ज्या पिढीच्या दंडावर ही दोन वर्तुळे आहेत, ती त्या रोगाच्या छायेत जन्मलेली शेवटची पिढी.

या गोष्टीचा आरंभ मुंबईचाच आहे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला जेन्नरपद्धतीची लस टोचण्यात आली, आणि ती भारतात यशस्वी झालेली पहिली लस मानली जाते. त्या काळी लस बाटलीत टिकत नसे. ती माणसाच्या अंगावरूनच प्रवास करी. एका मुलाच्या दंडावर फोड आला की त्यातील द्रव काढून दुसऱ्याला टोचायचा, त्याचा फोड पिकला की तिसऱ्याला. अशीच ती बगदाद आणि बसऱ्यामार्गे मुंबईस पोचली होती, आणि त्या मुलीच्या दंडावरून पुढे देशभर पसरली. या साखळीचा एकही दुवा तुटून चालणार नव्हता. त्यामुळे लस देणाऱ्याला सतत नवी मुले हवी असत, आणि आठवड्याने मूल पुन्हा आणून त्याच्या फोडातला द्रव घेतला जाई.

आपल्याकडील लसविरोधाचा इतिहास लिहिताना 'अंधश्रद्धा' हा एकच शब्द पुरेसा समजतात. मला ते घाईचे वाटते. आपल्या तान्ह्याच्या फोडातून द्रव काढून तो परक्या मुलाच्या दंडात घालायचा, तेही जातिपातीच्या त्या काळात, आणि मूल दोन दिवस तापाने फणफणणार असताना! कोणत्या आईने ते आनंदाने केले असते? पुढे वासराच्या अंगावर लस वाढवण्याची पद्धत आली आणि माणसाची ही साखळी संपली. विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावास लसनिर्मितीचे केंद्र उभे राहिले. टिळकवाडीतील त्या परिसराला आजही 'व्हॅक्सिन डेपो' असेच म्हणतात, आणि तेथे फिरायला जाणाऱ्या किती जणांना त्या नावामागची वासरे ठाऊक असतील कोण जाणे. सक्तीचे कायदेही झाले. मुंबई शहरापुरता १८७७ साली, देशपातळीवर १८८० साली, आणि इलाख्यातील जिल्ह्यांसाठी १८९२ साली. कायद्याने शिपाई मिळाला, विश्वास मात्र मिळाला नाही.

भाषेने मात्र एक गंमत केली. रोगाला आपण 'देवी' म्हणतो, तोही आदरार्थी: देवी आल्या, देवी गेल्या. लशीलाही लोकांनी तोच शब्द दिला: देवी टोचल्या, देवी काढल्या. गावोगाव हिंडणारा तो सरकारी नोकर 'देवी डॉक्टर' झाला. अंगात येणारी देवी आणि दंडात टोचली जाणारी देवी यांत मराठीने भेद केला नाही. शितळादेवीला थंड नैवेद्य दाखवणारी बाई दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन देवी डॉक्टरापुढे उभी राही, आणि तिला त्यात विसंगती वाटत नसे.

तर आमच्या मित्राचे आजोबा असे देवी डॉक्टर होते. घरात सांगितले जाई ते एवढेच की आजोबा 'सरकारी नोकरीत' होते आणि फिरतीवर असत. देवी डॉक्टराचे काम प्रतिष्ठेचे मानले जात नसे. पगार बेताचा, पायपीट अफाट, आणि गावात शिरताच मुले पळून जात. उन्हाळ्यात लस निर्जीव होई. अशी लस टोचून वण उठत नसे, आणि वण उठला नाही म्हणजे टोचणी फुकट. म्हणून नोंदवहीपेक्षा दंडावर अधिक विश्वास ठेवावा लागे. १९६२ मध्ये राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा तपासनीसांनी कित्येक ठिकाणी नोंदवहीतील आकडे बाजूला ठेवून मुलांचे दंड मोजले. त्याचप्रमाणे चेहरेही मोजले. लहान मुलांच्या तोंडावर देवीचे वण दिसतात का, कोणत्या वयापासून दिसेनासे होतात, यावरून त्या मुलखात रोग शेवटी कधी येऊन गेला याचा अंदाज बांधता येई. माणसांचे चेहरे हे दप्तर म्हणून वाचण्याची अशी उदाहरणे इतिहासात फार नाहीत.

"तुम्ही सगळे आपापल्या खोका दाखवत होतात," काकू म्हणाल्या, "म्हणून सांगते. आमच्याकडे देवी डॉक्टर आले तेव्हा मी पाच वर्षांची, माझा भाऊ तीन वर्षांचा. मला धरलं. आजीनं त्याला कणगीत लपवलं. मी ओरडत होते आणि तो कणगीच्या तोंडातून बघून हसत होता."

पुढल्या वर्षी गावात देवी आल्या. भाऊ वाचला, पण त्याच्या तोंडावर वण राहिले आणि एक डोळा गेला. देवीने डोळे जाणे ही त्या काळी नवलाची गोष्ट नव्हती. आजी शेवटपर्यंत त्याला जवळ घेऊन जेवायला बसवीत असे, आणि लपवल्याबद्दल घरात कोणी एक शब्दही काढीत नसे. वण झाकावेत म्हणून त्याने तरुणपणीच दाढी राखली. लग्नाच्या बोलण्यांत ते वण दोनदा आडवे आले.

"आणि मग माझं लग्न या घरात झालं," त्या म्हणाल्या. "मामंजींचा हुद्दा मला लग्नानंतर कळला. मी त्यांना एकदा विचारलं, तुम्ही कधी आमच्या गावी आला होतात का? म्हणाले, नाही, तो भाग माझ्याकडे नव्हता. पण भाऊ माहेरपणाला न्यायला आला की ते त्याच्याकडे बघत नसत. आतल्या खोलीत जाऊन बसत."

सासऱ्यांना तो चेहरा म्हणजे आपल्या नोकरीतला एक चुकलेला दंड वाटत असावा, असे आमच्यातल्या एकाने सुचवले. काकूंनी त्याला होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही.

१९७४ साली भारतात देवीचे पावणेदोन लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. बिहारमध्ये तर हाहाकार झाला होता. त्यानंतर अवघ्या वर्षभरात, मे १९७५ मध्ये, देशातला शेवटचा रुग्ण सापडला. घरोघर जाऊन, वण नसलेल्या दंडांचा माग काढत, रुग्णाभोवतीच्या सर्वांना टोचत हे झाले. त्यानंतर नवा रुग्ण दाखवणाऱ्यास हजार रुपयांचे बक्षीस जाहीर झाले होते. एप्रिल १९७७ मध्ये भारत देवीमुक्त असल्याचे प्रमाणित झाले, आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने जगातून हा रोग संपल्याचे घोषित केले. काकूंच्या आठवणीत मात्र यातील एकही तारीख नाही. १९७७ साली त्यांच्या मुलाला देवी टोचल्या की नाही, हेही त्यांना आठवेना. मित्राच्या थोरल्या भावाला फोन लावून दंड पाहायला सांगितले. एक पुसट वर्तुळ आहे, असे तिकडून उत्तर आले.

इतिहासाच्या प्राध्यापकांची इच्छा होती की चकती काकूंच्या वणावर टेकवून दात्यांचे अंतर जुळते का ते पाहावे. काकूंनी हात मागे घेतला. मग केळकर संग्रहालयाला ती द्यावी की घरी ठेवावी, यावर बराच वेळ चर्चा झाली. काकूंनी फिरकी पुन्हा त्याच कापडात गुंडाळली, डबीचे झाकण लावले आणि ती मापट्यात ठेवून चहाचे कप उचलले.