कायद्याने घडविलेले एकाकीपण

मराठी माणसाला इतिहासाचे वेड लावणाऱ्या राजवाड्यांनी गावोगाव पायपीट केली, वाड्यांच्या माळ्यांवरील दप्तरे धुंडाळली आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने खंडामागून खंड काढले. तेव्हापासून जुने पत्र म्हणजे इतिहासाचे अस्सल साधन, ही गोष्ट आम्हां सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. परंतु ज्या माणसांनी आपली पत्रे आपल्याच हाताने विस्तवात घातली, ज्यांनी छायाचित्रामागे कधी नाव लिहिले नाही आणि ज्यांच्या स्नेह्यांना एकमेकांची आडनावेही ठाऊक नव्हती, त्यांचा इतिहास कोणत्या दप्तरात शोधावयाचा? अशा माणसांविषयी आज आम्ही बोलणार आहोत. ती माणसे म्हणजे ज्यांचे मन पुरुषावर जडते, किंवा स्त्री आणि पुरुष अशा दोघांवरही जडू शकते, असे पुरुष. आणि त्यांतही आता सत्तरी-ऐंशी गाठलेले वृद्ध. देश मुख्यतः इंग्लंड. तो निवडण्याचे कारण एवढेच की, तेथील कायद्याचे कागद उघडे आहेत, आणि त्याच कायद्याची एक शाखा आमच्याही अंगणात दीडशे वर्षे उभी होती.

म्हातारपण आले की एकटेपण यावयाचेच, असे आपण सहज बोलून जातो. पण आपल्या डोळ्यांपुढे म्हातारपणाचे जे चित्र असते त्यात मुले, सुना, जावई, नातवंडे असतात. ती दुरावली म्हणजे माणूस एकटा पडला, असा आपला हिशेब. ज्याच्या आयुष्यात ही माणसे आलीच नाहीत, किंवा आली तरी ज्याला त्यांच्यापाशी मन उघडे करता आले नाही, त्याचे एकाकीपण निराळ्या जातीचे असते. ते वयाबरोबर येत नाही. ते विशी-पंचविशीतच सुरू होते आणि वयाबरोबर नुसते उघडे पडते. या एकाकीपणाला स्वभाव, दैव किंवा मनाचा रोग म्हणण्याची प्रथा आहे. आमच्या मते त्याचा फार मोठा भाग माणसांनी, तारीखवार, कायदे करून घडविलेला आहे.

इंग्लंडात सोळाव्या शतकापासून या संबंधांना देहान्ताची शिक्षा होती. या कायद्याखाली शेवटची दोन माणसे १८३५ साली लंडनच्या न्यूगेट तुरुंगासमोर फाशी गेली, आणि १८६१ साली फाशी कायद्यातून गेली. पुढे १८८५ साली हेन्री लाबूशेर या सभासदाने एका निराळ्याच विधेयकात एक कलम घुसविले. त्याअन्वये दोन पुरुषांतील कोणतेही 'असभ्य वर्तन', मग ते बंद दाराआड, दोघांच्या राजीखुशीने का असेना, दोन वर्षे तुरुंगवासाला पात्र ठरले. फाशीपुढे दोन वर्षे ही शिक्षा सौम्य वाटेल. पण जुना गुन्हा शाबीत करणे कठीण होते आणि हा सोपा होता. एखादे पत्र, एखाद्या नोकराची साक्ष, एवढ्यावर काम भागे. ऑस्कर वाइल्ड १८९५ साली याच कलमाखाली खडी फोडावयास गेला. धमकावून पैसे उकळणाऱ्यांचे या कलमाने इतके फावले की, त्याला खंडणीखोरांची सनद असे नाव पडले.

या सनदेचा अंमल दुसऱ्या महायुद्धानंतर कसा चालला, याची दोन उदाहरणे पुरेत. ॲलन ट्यूरिंग हा गणिती. जर्मनांची गुप्त लिपी फोडण्याच्या कामातला अग्रणी. १९५२ साली त्याच्या घरी चोरी झाली म्हणून तो पोलिसांत वर्दी द्यावयास गेला. चौकशीत त्याचे एका तरुणाशी असलेले संबंध बाहेर आले, आणि फिर्यादीच आरोपी झाला. तुरुंग टाळण्यासाठी त्याने स्त्री-संप्रेरकांचे उपचार पत्करले. १९५४ साली, एकेचाळिसाव्या वर्षी, तो विषाने मेला. त्याच १९५४ साली लॉर्ड माँटेग्यू, मायकेल पिट-रिव्हर्स आणि पत्रकार पीटर वाइल्डब्लड यांच्यावरचा खटला गाजला. हवाई दलातले दोन शिपाई माफीचे साक्षीदार झाले. आणि वाइल्डब्लडने त्यांतल्या एकाला लिहिलेली प्रेमपत्रे भर न्यायालयात वाचून दाखविण्यात आली. माँटेग्यूला एक वर्ष व इतर दोघांना दीड वर्ष शिक्षा झाली.

वर्तमानपत्रातून हा खटला वाचणाऱ्या, गावोगावच्या निनावी माणसांनी त्यातून काय धडा घेतला असेल? चोरी झाली तरी पोलिसाकडे जाऊ नये. पत्र लिहू नये, आलेले ठेवू नये. मित्राला मित्र भेटवू नये, कारण आजचा मित्र उद्या माफीचा साक्षीदार होऊ शकतो. कचेरीत लग्नाची गोष्ट निघाली तर परगावी एखादी वाग्दत्त वधू असल्याचे सांगावे, आणि थाप उघडी पडण्याआधी बदली मागून घ्यावी. हा सावधपणा तरुणपणी शहाणपणाचा होता, त्याने पुष्कळांना तुरुंगापासून वाचविले. मात्र चाळीस वर्षे अंगी मुरलेला सावधपणा कायदा बदलला म्हणून अंगरख्यासारखा काढून ठेवता येत नाही.

वैद्यकशास्त्राने या माणसांना हात द्यावयास हवा होता. त्याऐवजी त्याने त्यांच्या प्रेमालाच रोग ठरविले. विजेचे झटके देऊन, वांतीची औषधे पाजून मन पालटविण्याचे प्रयोग ब्रिटिश रुग्णालयांतून १९५० नंतरची दोन दशके व त्यापुढेही चालले. परिणाम असा झाला की, ज्याला एकटेपणाने झोप येत नाही तो डॉक्टरकडे जावयास भिऊ लागला. कारण डॉक्टर एकटेपण बाजूला ठेवून प्रेमावर उपचार करणार! अमेरिकेत एव्हलिन हूकर या मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९५७ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. तीस समलिंगी व तीस इतर पुरुषांच्या मानसिक चाचण्यांचे कागद नावाविना तज्ज्ञांपुढे ठेवले. कोणता कागद कोणत्या पुरुषाचा, हे तज्ज्ञांना ओळखता आले नाही. तरीही तेथील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने रोगांच्या यादीतून हे नाव काढले ते १९७३ साली. त्याच्या आदल्या वर्षी तिच्या डलास येथील अधिवेशनात एक डॉक्टर बोलावयास उभा राहिला तो चेहऱ्यावर मुखवटा चढवून आणि आवाज बदलून. आपण स्वतः समलिंगी आहोत हे व्यवसायबंधूंना सांगण्यासाठी मनोविकारतज्ज्ञालाही मुखवटा लागत होता. ते डॉक्टर जॉन फ्रायर होते, हे उघड व्हावयास पुढे बरीच वर्षे गेली. जागतिक आरोग्य संघटनेने आपली यादी १९९० साली सुधारली.

इंग्लंडात कायदा बदलला तो १९६७ साली. त्याआधी दहा वर्षे वुल्फेंडन समितीने, संमतीने व खाजगीत घडणाऱ्या या गोष्टीला गुन्हा मानू नये, अशी शिफारस केली होती. तिच्या पाठपुराव्यासाठी निघालेल्या संस्थेचा चिटणीस अँटनी ग्रे याने जन्मभर चळवळ केली ती टोपणनावाने. त्याचे खरे आडनाव राइट. कायदा झाला तोही तुकड्या-तुकड्यांनी. वय एकवीस हवे, घरात तिसरे माणूस नको, सैन्य आणि व्यापारी जहाजे वगळलेली, स्कॉटलंड वगळलेले. तिथे हा बदल पोहोचावयास १९८० साल उजाडले, उत्तर आयर्लंडात १९८२. विधेयक मंजूर झाले त्या वेळी ते लॉर्डांच्या सभेत मांडणाऱ्या लॉर्ड ॲरन यांनी, ज्यांच्यासाठी तुरुंगाची दारे उघडली त्यांनी गाजावाजा न करता, शांतपणे व सभ्यतेने राहून आपले आभार मानावेत, अशी अपेक्षा बोलून दाखविली. ॲरन सज्जन होते, आणि या कामी त्यांनी पुष्कळ निंदा सोसली. पण सुटकेची किंमत म्हणून पुन्हा मौनच मागितले गेले, हे आमच्या मनाला खटकल्यावाचून राहत नाही.

येथे ई. एम. फॉर्स्टर या कादंबरीकाराची आठवण होते. त्याचे आणि आमचे एक नातेही आहे. मराठ्यांच्या देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार, म्हणजे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे जावई, यांचा खाजगी चिटणीस म्हणून तो १९२१ साली देवासास राहिला. त्या दिवसांवरचे त्याचे पुस्तक १९५३ साली निघाले. त्यात एक गोष्ट गाळलेली होती, ती त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली. स्वतःच्या मनाची ही ओढ आणि तीतून उद्भवलेली अडचण त्याने महाराजांपाशी कबूल केली होती, आणि महाराजांनी ती तिरस्कार न करता ऐकून घेतली होती. विलायतेत जे वडीलधाऱ्यांपाशी उच्चारता येत नव्हते ते मराठा दरबारात बोलता आले, यात आम्ही फारसा अभिमान मानू इच्छीत नाही. तो एका माणसाचा चांगुलपणा होता.

फॉर्स्टरचा जन्म १८७९ चा. लाबूशेरचे कलम आले तेव्हा तो सहा वर्षांचा होता, गेले तेव्हा अठ्ठ्याऐंशींचा. दोन पुरुषांच्या प्रेमाची 'मॉरिस' ही कादंबरी त्याने १९१३-१४ साली लिहिली, आणि ती छापली गेली १९७१ साली, तो मेल्यानंतर. १९६७ नंतरची तीन वर्षे तो जिवंत होता. मनात असते तर छापता आली असती, पण त्याने छापली नाही. तरी फॉर्स्टर एकाकी मेला असे मात्र नव्हे. बॉब बकिंगहॅम या लंडनच्या पोलीस शिपायावर त्याचा जीव होता. बॉबचे लग्न झाले, आणि पुढे त्याची पत्नी मे हीच फॉर्स्टरची जिवाभावाची मैत्रीण झाली. १९७० साली एक्क्याण्णव वर्षांचा फॉर्स्टर कॉव्हेंट्री येथे त्या पतिपत्नींच्या घरी मरण पावला. शेवटची शुश्रूषा मेने केली. ज्या खात्याने त्याच्यासारख्यांना आयुष्यभर धास्तीत ठेवले त्याच खात्यातल्या माणसाच्या घरात त्याला अखेरची जागा मिळाली! कीर्ती, पैसा आणि केंब्रिजचे किंग्ज कॉलेज पाठीशी असलेल्या माणसाला हे लाभले. ज्यांच्यापाशी यातले काही नव्हते त्यांतल्या पुष्कळांनी लग्ने केली. ब्रायटनचा जॉर्ज माँटेग्यू (वरच्या लॉर्डांशी याचा संबंध नाही) हा त्यांतला एक. पत्नी, तीन मुले, सुखाचा संसार. आणि १९७४ साली, कायदा बदलून सात वर्षे झाल्यावर, त्याच जुन्या आरोपाखाली शिक्षा. पुढे सरकारने अशा दोषींना माफी देऊ केली तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या या गृहस्थाने ती घेण्याचे नाकारले. माफी घेणे म्हणजे अपराध कबूल करणे. आम्हांला क्षमायाचना हवी, असे त्याचे म्हणणे. २०२२ साली तो वारला.

सुटकेनंतरची तरुण पिढी थोडी मोकळी झाली होती. १९७४ साली लंडनमध्ये एका पुस्तकाच्या दुकानावरच्या खोलीत टेलिफोन ठेवून स्विचबोर्ड नावाची सेवा सुरू झाली. नाव न सांगता कोणीही बोलावे. मित्रमंडळे जमली, काही घरे उभी राहिली. इतक्यात एड्सची साथ आली. टेरेन्स हिगिन्स १९८२ साली सदतिसाव्या वर्षी लंडनच्या रुग्णालयात मेला. ब्रिटनमधल्या पहिल्या ज्ञात बळींपैकी तो एक. परिणामकारक औषधे मिळावयास १९९६ साल उजाडले. मधल्या चौदा वर्षांत तिशी-चाळिशीतली माणसे आठवड्याआड स्मशानात जात होती. १९८७ साली राजकन्या डायानाने मिडलसेक्स रुग्णालयातील या रुग्णांच्या कक्षाचे उद्घाटन केले आणि हातमोजा न घालता एका रुग्णाचा हात हाती घेतला, ते छायाचित्र जगभर गेले. त्यात त्या रुग्णाचा चेहरा दिसत नाही. तो पाठमोरा आहे, कारण त्याच अटीवर तो छायाचित्राला तयार झाला होता. वृद्धपणी ज्यांच्याबरोबर बसून जुन्या गोष्टी काढावयाच्या, ते समवयस्क असे गेले. पुष्कळांच्या जोडीदाराला अंत्यविधीत 'मित्र' म्हणून मागच्या बाकावर बसावे लागले; ज्याचा शोक उघड करता येत नाही त्याचे सांत्वन कोण करणार?

स्टोनवॉल या ब्रिटिश संस्थेने पंचावन्न वर्षांवरील लोकांची केलेली पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. तीत समलिंगी आणि दोहोंकडे ओढ असणारे पुरुष जोडीदाराविना असण्याचे प्रमाण इतर पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट आढळले. त्या साली पंचावन्न वर्षांचा असलेला माणूस १९५६ साली जन्मला होता, म्हणजे वुल्फेंडन अहवालाच्या आदल्या वर्षी. त्याहून बरेच थोर असलेल्यांचे तारुण्य जुन्या कायद्याखाली गेले. म्हणून वृद्धाश्रमात राहावयास जाण्याच्या वेळी या पिढीला पुन्हा तीच भीती ग्रासते. कपाटावरचे छायाचित्र ठेवावे की लपवावे? शेजारच्या खाटेवरल्याने 'नातवंडे किती?' विचारले तर काय सांगावे? न्यूयॉर्कमध्ये १९७८ सालीच अशा वृद्धांच्या घरी नियमित भेटीला जाणाऱ्या स्वयंसेवकांची संस्था निघाली. लंडनमध्ये २०२१ साली त्यांच्यासाठी खास निवास सुरू झाला. हे उपाय साधे आहेत. ज्याच्यापुढे काही लपवावे लागणार नाही असे एक माणूस ठरल्या वारी घरी येते, एवढाच त्यांचा गाभा.

आता आपल्याकडे वळू. मेकॉलेच्या आयोगाने आराखडा केलेली भारतीय दंडसंहिता १८६० साली मंजूर झाली. तिचे ३७७ वे कलम १८६२ पासून लागू झाले, आणि संमतीच्या संबंधांपुरते ते सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ६ सप्टेंबर २०१८ रोजी. इंग्रजांनी आपल्या देशात हे ओझे टाकल्यानंतर एक्कावन्न वर्षे आपण ते वाहिले. मुंबईत 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक १९९० साली निघाले आणि हमसफर ट्रस्ट १९९४ साली. त्या दिवशी पासष्टी ओलांडलेल्या माणसाचे सारे कर्ते आयुष्य गुन्हेगार म्हणून गेले होते. बहुतेकांची लग्ने झाली, कारण घरात न लग्नाचा मुलगा म्हणजे वडिलांच्या जिवाला घोर. त्यात त्या बायकांच्या वाट्यालाही जे एकाकीपण आले, त्याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. ज्यांनी लग्न केले नाही ते कोणाचे तरी काका, मामा, भाऊजी म्हणून भावाच्या घरी कोपऱ्यातल्या खोलीत राहिले. बागेतल्या बाकावर ज्येष्ठ नागरिकांची बैठक रोज भरते. तीत गुडघेदुखी, निवृत्तिवेतन आणि परदेशी गेलेला मुलगा, यांखेरीज चौथा विषय नाही. हे गृहस्थ तिथे बसतात, ऐकतात आणि लवकर उठतात.

दोन पुरुषांच्या विवाहाला मान्यता देण्याचे सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नाकारले. मात्र त्यानंतर २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने काही खुलासे केले. अशा दोघांना बँकेत संयुक्त खाते उघडण्यास आणि एकमेकांचे नाव वारसनोंदीत घालण्यास अडचण नाही, हा एक. दुसरा आरोग्य खात्याने राज्यांना लिहिलेल्या पत्रातला: जवळचा नातेवाईक उपलब्ध नसेल तर मृतदेह जोडीदाराला मागता यावा.