उपनगरांतील पाळणाघरे आणि सेविकांचे वेतन

1948 च्या कारखाना अधिनियमाने 50 हून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यांवर पाळणाघराचे बंधन घातले. 1976 च्या दुरुस्तीने ही मर्यादा 30 वर आली. तेथे मूल सांभाळण्याचा खर्च मालकाकडे होता. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथून लोकलने फोर्ट गाठणाऱ्या कारकून स्त्रिया मात्र या कायद्याबाहेर राहिल्या. त्यांच्यासाठी शेजारच्या एखाद्या गृहिणीने आपल्याच खोल्यांत पाळणाघर मांडले. मुलांच्या लेखी ते ‘काकूंचे घर’. अभ्यासकाने मात्र त्यास व्यवसायच म्हटले पाहिजे.

या व्यवसायाची कोंडी अशी : शुल्क आईच्या पगाराच्या फार जवळ गेले तर तिला नोकरीच परवडत नाही. यंत्रमागावरील कामगार अधिक माग सांभाळू शकतो. एका सेविकेकडे तान्ही मुले मात्र वाढविता येत नाहीत. विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन यांनी 1966 मध्ये नाट्य-संगीताविषयी नेमके हेच दाखविले होते. त्यामुळे वेतनवाढ म्हणजे शुल्कवाढच. जागेचे भाडे टळत नाही. ताण पडतो तो वेतनावर. संचालिका तर स्वतःचे श्रम हिशेबातही धरीत नाही.

2017 च्या प्रसूती लाभ दुरुस्तीने 50 वा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली. दोन-चार सेविकांवर चालणारे पाळणाघर त्यात बसत नाही. सेविकेच्या स्वतःच्या मुलाची सोय करण्याचे बंधन त्यामुळे कोणावरच आले नाही.